चहा सोडला, जाऊबाई राहिल्या

‘मावशी, मी जालन्याची. वय ५१, शाळेत शिकवते. सासरचं मूळ गाव बेथेल. गेली वीस वर्षं लेंटमध्ये, म्हणजे भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या ख्रिस्ती उपवासकाळात, मटण, चहा, टीव्ही बंद ठेवते. पण आत काहीच हलत नाही. ईस्टरच्या पहाटे सगळे “प्रभू खरोखर उठला आहे” म्हणतात आणि माझ्या मनात येतं, चला, आता चहा. यंदा उपवास आणखी कडक करू का? घरी सगळं बरं आहे. थोरल्या जाऊबाईंशी सासूबाईंच्या पाटल्यांवरून तीन वर्षं बोलणं नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.’

ताई,

पत्र लांब होतं म्हणून कापून छापलंय. मूळ पत्रात चहाला तुम्ही नऊ ओळी दिल्यात आणि जाऊबाईंना एक. तीही जाता जाता.

आधी उपवासाचं. कडक करू नका. मीही एका वर्षी चहा सोडला होता. चौथ्या दिवशी धाकटा म्हणाला, “आई, तू चहा घे, तुझा उपवास मी धरतो.” घरातली लेकरं भिंतीला चिकटून चालायला लागली की समजावं, उपवास आपला आणि भोग दुसऱ्यांचे. आपल्याकडं एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ना, तसंच हे. फक्त इथं साबुदाण्याऐवजी राग खायचा.

आणि हिशेबही नीट धरा. भस्म बुधवार ते ईस्टरच्या आधीचा शनिवार हे दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार वजा केले की ४०, कारण प्रत्येक रविवार येशूच्या पुनरुत्थानाचाच, त्या दिवशी उपवास नसतो. तेव्हा रविवारी खुशाल चहा घ्या. तुमच्या बेथेलचंच बघा. ते वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी, स्कॉटिश मिशनच्या कामातून. स्कॉटलंडच्या त्या चर्चमध्ये लेंट पाळायची रीतच नव्हती. तेव्हा मटण सोडल्याशिवाय देव जवळ येत नाही असं तुमच्या सासरच्या जुन्या माणसांना काही कुणी शिकवलं नसणार. लेंट पाळायला माझी ना नाही, मी स्वतः पाळते. पण बायबलातल्या ५१व्या स्तोत्रात दावीद राजा ‘माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ असं देवाला विनवतो. मी चहा सोडलाय, आता दे, असं म्हणत नाही.

आता ती एक ओळ. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी पाळकाच्या घरात वाढले, हे वचन शंभरदा ऐकलं, तरी एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथं म्हटलेलंच नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे चूक कुणाची हा प्रश्नच तिथं निघत नाही. पाटल्या कुणाच्या, मला ठाऊक नाही, आणि तुमची बाजू खरी असेलही.

म्हणून पाटल्यांचा विषय काढूच नका. तो वेगळा सोडवा, हवं तर घरातलं एखादं मोठं माणूस मध्ये घालून. तुम्ही एवढंच करा: येत्या आठवड्यात एखाद्या दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्या दारात जा. हातात काही नेऊ नका, नेलं की देण्याघेण्याचा हिशेब परत सुरू. “अक्का, नळ आला का?” एवढंच विचारा. मार्चमध्ये जालन्यात या प्रश्नाला उत्तर मिळत नाही असं घर नाही. कदाचित त्या तुटक बोलतील, कदाचित दारातूनच परत पाठवतील. मग घरी या, पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. ४६ दिवसांत सहा-सात खेपा सहज होतात.

ईस्टरला मन भरून येईल का, याची हमी मी देत नाही. तीन वर्षांचं गाठोडं एका पहाटे सुटत नसतं.

आणि आत बोलावून त्यांनी चहा टाकला, तर “माझा लेंट आहे” असं तोंडातून काढायचं नाही. साखर जास्त पडली असली तरी कप संपवायचा.