चीविता दि बान्योरेजोच्या आसपास बघण्यासारखं काय आहे? पूल न चढता गाव दिसतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मे महिन्यात आई-बाबांना घेऊन रोमहून चीविताला जायचंय, पुलावरचा फोटो तर सगळेच टाकतात, पण आसपास निसर्ग म्हणून काय बघावं? आणि आईंचे गुडघे दुखतात, तर पूल न चढता गाव नीट दिसेल अशी जागा आहे का?

आहे, आणि ती चीवितापेक्षा कमी महत्त्वाची नाही. चीविता म्हणजे ढासळत्या कड्याच्या माथ्यावरचं जुनं गाव, शेजारच्या बान्योरेजो गावाहून तिथं लांब पूल चालत ओलांडून जायचं. दरीच्या पलीकडच्या काठावर लुब्रियानो नावाचं छोटं गाव आहे. मी रोमला राहते आणि कोणी पाहुणे आले, त्यांना चीविता बघायचं असलं, की आधी लुब्रियानोला नेते, मगच पुलाकडे. कारण पुलावर गेलं की तुम्हाला फक्त गाव दिसतं. लुब्रियानोच्या कठड्यापाशी उभं राहिलं की गाव ज्यावर उभं आहे ते दिसतं, आणि खरं बघण्यासारखं तेच आहे.

लुब्रियानो चीविताच्या उत्तरेला आहे. सरळ रेषेत अंतर जेमतेम एक किलोमीटर, पण मध्ये दरी असल्यामुळे रस्ता वळसा घालून जातो. बान्योरेजोहून गाडीनं दहाएक मिनिटं लागतात. गावाच्या दरीकडच्या बाजूनं चालत गेलं की घरांच्या मधून एकदम समोरची अख्खी बाजू उघडते. तिथं आईंना काहीच चढायचं नाही. गाडीतून उतरून थोडं चालणं, मग कठडा. निवांत उभं राहा आणि नजर वरून खाली आणा. सगळ्यात वर कौलारू घरं आणि चर्चचा मनोरा. त्याखाली सरळ कापल्यासारखा पिवळसर तांबूस कडा. कडा संपतो तिथून रंग बदलतो आणि करडी, फिकट, सुरकुत्या पडलेली माती खाली थेट ओढ्यापर्यंत उतरत जाते. हे दोन रंग जिथं मिळतात ती रेघ नीट बघा. या गावाची सगळी गोष्ट त्या रेघेवर आहे.

खालची करडी माती म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. एकेकाळी इथं समुद्र होता. वरचा कडा ज्वालामुखीचा. पश्चिमेला आज बोल्सेना सरोवर आहे तिथल्या ज्वालामुखींतून निघालेली राख आणि दगडगोटे थरावर थर साचले. त्यातला वरचा जाड थर तीन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड उद्रेकातला आहे. ती तापलेली राख घट्ट होऊन जो दगड झाला त्याला इथं तूफो म्हणतात. शेजारचं ऑर्व्हिएतो शहर ज्या कड्यावर बसलंय तोही याच उद्रेकाचा. तूफो कापायला सोपा, पण उभा राहतो ताठ. म्हणून एत्रुस्कन लोकांनी, म्हणजे रोमन सत्तेच्या आधी इथं नांदणाऱ्या लोकांनी, अशाच माथ्यांवर गावं वसवली. त्यात तळघरं कोरली, थडगी कोरली, पाण्याच्या टाक्या खोदल्या.

अडचण पायाशी आहे. चिकणमाती पावसात फुगते, उन्हात तळ्यातल्या गाळासारखी भेगाळते, आणि पुढच्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून वाट काढतं. भेगेची घळ होते, घळीशेजारी दुसरी घळ, आणि मध्ये उरते ती सुरीच्या पात्यासारखी धार. अशा धारांच्या आणि घळींच्या प्रदेशाला इटलीत कालान्की म्हणतात आणि या दरीचं नावच कालान्कीची दरी. खाली रिओ क्यारो आणि रिओ तोर्बिदो हे ओढे पायथा पोखरत राहतात. माती सरकली की वरच्या तूफोला आधार राहत नाही. त्यात आधीच उभ्या चिरा असतात, त्या रुंदावतात आणि एखादा सुळका अख्खा सुटून खाली जातो. म्हणून कड्याची कड इतकी ताजी, कापलेली दिसते. तेरावं शतक गाजवलेले, संत फ्रान्सिस यांच्या पंथातले (फ्रान्सिस्कन) विद्वान संत बोनाव्हेंतुरा याच गावचे. त्यांचं जन्मघर जिथं होतं तो भाग दरीत गेला.

१६९५ च्या भूकंपानं गावाची खरी कंबर मोडली. चीविताला शेजारच्या वस्तीशी जोडणारी जमिनीची पट्टी खचली, घरं गेली. बिशप आणि गावचा कारभार पलीकडच्या वस्तीत हलले, तेच आजचं बान्योरेजो. त्यानंतर चीविता हळूहळू रिकामं होत गेलं. आज तिथं कायम राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आणि बघायला येणारे वर्षाला लाखो.

आता बान्योरेजोकडचा पॉइंट. गाव ओलांडून शेवटपर्यंत गेलं की बेल्वेदेरे लागतो. चीविताचा ओळखीचा फोटो, म्हणजे समोर लांब पूल आणि त्याच्या टोकाला एकटं गाव, तो इथून. आईंना इथंही फार चालावं लागणार नाही. वाहनतळापासून या बाजूला येणारी छोटी शटल बस असते. बेल्वेदेरेच्या खालच्या अंगाला तूफोत कोरलेली एक गुहा आहे, मूळची एत्रुस्कन थडग्याची. लहानपणी आजारी असलेल्या बोनाव्हेंतुराला संत फ्रान्सिस यांनी इथं बरं केलं अशी तिथली श्रद्धा आहे. गुहेच्या तोंडाशी बसून दरी बघता येते. बहुतेक लोक वरच्या वर फोटो काढून पुलाकडे पळतात, त्यामुळे तिथं शांतता मिळते. मात्र खाली उतरायला पायऱ्या आहेत, आईंनी वरच थांबावं.

उजेडाचं गणित सांगते. चीविता बान्योरेजोच्या पूर्वेला आहे, म्हणून बेल्वेदेरेवर दुपारनंतर जा. सूर्य तुमच्या पाठीमागे येतो आणि कडा उजळतो. सकाळी तिथं सूर्य डोळ्यांवर येतो. लुब्रियानोहून तुम्ही दक्षिणेकडे बघत असता, त्यामुळे भर दुपारी समोरची बाजू काळपट दिसते. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, तेव्हा संध्याकाळचा तिरका उजेड याच बाजूवर पडतो आणि मातीची एकेक सुरकुती वेगळी दिसायला लागते. हिवाळ्यात कुणी विचारलं तर मी लुब्रियानोचा आग्रह धरत नाही. तेव्हा ही बाजू जवळजवळ दिवसभर सावलीत असते. पण हिवाळ्यात आणि शरदात सकाळी दरीत धुकं भरतं, आणि ते बघायला लवकर उठून येणं सार्थकी लागतं.

तुमच्यापैकी ज्यांना पूल चढायचाय त्यांच्यासाठी. पूल साधारण तीनशे मीटरचा, १९६५ सालचा, फक्त चालणाऱ्यांचा. सुरुवात सोपी आहे, शेवटचा टप्पा मात्र चांगलाच चढाचा. उन्हात सावली अजिबात नाही. २०१३ पासून गावात जायला तिकीट आहे. तेव्हा दीड युरो होतं, आता ५ युरो. एवढ्या लहान गावाला तिकीट कशाला, असं काही जण म्हणतात. मला ते पूर्ण योग्य वाटतं. जो डोंगर सतत ढासळतोय त्याची डागडुजी मूठभर रहिवाशांच्या खिशातून होणार नाही.

चढ संपतो तो सांता मारिया दरवाजात. ही वाट तूफो कापूनच काढलेली आहे. दरवाजावर दगडी सिंह आहेत, त्यांच्या पंज्यांत माणसांची मुंडकी. ऑर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की घराण्याविरुद्ध गावकऱ्यांनी केलेल्या उठावाची ती आठवण. इथं कमानीत दोन मिनिटं थांबून भिंत जवळून बघा. पिवळट दगडात काळे, सच्छिद्र, स्पंजासारखे तुकडे रुतलेले दिसतात. तो ज्वालामुखीतून उडालेला फेसाळ लाव्हा. बोट फिरवलं तर बारीक कण निघून हाताला लागतात. डोंगर किती मऊ आहे हे वाचून जितकं कळतं त्याहून जास्त त्या स्पर्शात कळतं.

आत शिरल्यावर लगेच एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत लागते. खिडक्या आहेत, चौकटी आहेत, पण मागे घर नाही. खिडकीतून आभाळ दिसतं. जवळच पालाझ्झो अलेमान्नी या वाड्यात भूशास्त्राचं आणि दरडींचं संग्रहालय आहे. नाव रुक्ष वाटेल, पण ते चुकवू नका. ओढ्यांना बांध घालून पायथ्याची झीज कशी कमी करतात, कड्यातल्या चिरा पोलादी गजांनी कशा जखडतात, हे तिथं समजतं. ते बघून बाहेर पडलात की तोच कडा वेगळा दिसतो. सान दोनातो चर्चचा चौक सुंदर आहे, फरसबंदी नसलेला, मातीखडीचा. गर्दी तिथंच थांबते.

तुम्ही तिथं थांबू नका. सरळ गावाच्या दुसऱ्या टोकाला जा. घरं संपतात, रस्त्याची पायवाट होते आणि ती पूर्वेच्या अंगानं खाली उतरते. वाटेत तूफोत कोरलेलं छोटं प्रार्थनास्थळ आहे, मादोन्ना देल कार्चेरे. तेही मूळचं एत्रुस्कन थडगं. पुढे बुकायोने नावाचा बोगदा आहे, डोंगराच्या पोटातून आरपार खोदलेला, दरीत जायची गावाची जुनी वाट. या बाजूनं कालान्की सगळ्यात जवळून दिसतात. पोंतिचेल्ली नावाच्या मातीच्या उंच, पातळ भिंती इथलं खरं आश्चर्य. समोरच्या दक्षिणमुखी उतारांवर गवतही धरत नाही, कारण ऊन तिथं जास्त आणि माती सारखी सुटती, तर उत्तरेकडच्या उतारांवर चक्क झाडी. एकाच टेकडीच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या असू शकतात हे तिथं डोळ्यांसमोर असतं.

बोगदा आणि त्यापुढची वाट त्या दिवशी खुली आहे का, हे तिकिटाच्या खिडकीवर विचारा. दरड आली की वाटा बंद करतात. पाऊस पडून गेला असेल तर दरीत उतरूच नका. ही माती ओली झाली की बुटाच्या तळाला थरावर थर चिकटत जाते, पाय जड होतो आणि पुढच्याच पावलाला घसरतो. कोरड्या दिवशीही धारेवर चढून फोटो काढू नका. ती धार दिसते तितकी भक्कम नसते.

गाडी असेल तर उरलेला दिवस बोल्सेना सरोवराला द्या. चीविताचा दगड ज्या ज्वालामुखींनी दिला त्यांची जमीन आतून रिकामी होऊन खचली, आणि त्या खळग्यात पाणी साचून हे सरोवर झालं. युरोपातलं हे सर्वांत मोठं ज्वालामुखीय सरोवर, सुमारे ११४ चौरस किलोमीटर, खोली १५१ मीटरपर्यंत. ते वरून बघायला मोन्तेफियास्कोने गाव. डोंगरमाथ्यावर पोपचा जुना किल्ला आहे, रोक्का देई पापी. त्याच्या बागेतून अख्खं सरोवर आणि त्यातली बिसेंतिना व मार्ताना ही दोन बेटं दिसतात. बागेपर्यंत चढ आहे, पण गाडी बरीच वर जाते. सकाळी चीविताचा कडा आणि दुपारी हे पाणी बघितलं की दोन्ही एकाच घटनेची टोकं आहेत हे सांगावं लागत नाही.

बोल्सेना गावाजवळ वीया कास्सिया या जुन्या रस्त्याच्या कडेला पिएत्रे लांचाते म्हणून जागा आहे. डोंगराच्या कापातून बसाल्टचे पाच-सहा बाजूंचे खांब एकावर एक रचल्यासारखे बाहेर आलेले आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, तडे जातात आणि असे कोनदार खांब बनतात. तुम्ही मुंबईचे असाल तर अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितला असेल. तिथले खांब उभे आहेत, इथले आडवे, पण घडण तीच. बाबांना दगडधोंड्यांची आवड असेल तर इथं नक्की थांबा. पाच मिनिटांचं काम आहे.

ऑर्व्हिएतोसाठी एकच सूचना. शहरात फिरण्याआधी बोल्सेनाकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर एखाद्या वळणावर सुरक्षित जागी गाडी लावून मागे वळून बघा. शहर, कॅथेड्रल आणि खालचा कडा एका नजरेत येतो. शहराच्या आतून तो कधीच दिसत नाही.

गाडी नसेल तर रोमहून ट्रेननं ऑर्व्हिएतो आणि तिथून कोत्राल कंपनीची बस बान्योरेजोला, पाऊणएक तास. बस मोजक्या आहेत, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्यावर विसंबू नका. परतीची शेवटची बस कधी आहे ते निघतानाच बघून ठेवा. बसनं गेलात तर लुब्रियानो आणि सरोवर एका दिवसात जमवणं कठीण. आईंचे गुडघे लक्षात घेता ऑर्व्हिएतोहून दिवसभरासाठी गाडी भाड्यानं घ्या, असं मी सुचवेन. मेमध्ये शनिवार-रविवार टाळा आणि मधल्या वारी जा. आई-बाबा बेल्वेदेरेवर किंवा बान्योरेजोच्या चौकात कॉफी घेत बसतील, तेवढ्यात तुम्ही गाव बघून या. मग सगळे मिळून सरोवराकडे जा आणि परतताना सहा-सातच्या सुमारास लुब्रियानोला पोचा. मेमध्ये अंधार पडायला साडेआठ-नऊ होतात, त्यामुळे घाई होणार नाही.