शब्दचर्चा : नीतिमत्त्व, नीतिमत्ता आणि खोटे शिक्षक

प्रश्न नागपूरहून आला आहे. तिथल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फलकावर रविवारच्या संदेशाचा विषय असा लिहिला होता : ‘खरे नितीमत्व आणि खोट्या शिक्षकांपासून धोका’. विचारणाऱ्याच्या शंका तीन. नीतिमत्त्व आणि नीतिमत्ता एकच असेल, तर सगळ्यांना कळणारा ‘नीतिमत्ता’ का लिहू नये? हिंदी उपासनेत ‘धार्मिकता’ म्हणतात, तो शब्द मराठीत चालेल का? आणि ‘खोटे शिक्षक’ वाचून शाळेतले मास्तर डोळ्यांपुढे येतात, त्यापेक्षा ‘भोंदू गुरू’ बरं नाही का?

आधी शुद्धलेखन, ते लवकर उरकतं. फलकावरच्या ‘नितीमत्व’ या एका शब्दात तीन चुका आहेत. मूळ शब्द ‘नीतिमत्’. त्याला ‘त्व’ लागला की एक त शब्दाचा आणि एक प्रत्ययाचा, म्हणून नीतिमत्त्व. महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांचं गणित हेच. नेतृत्व किंवा स्वत्व यांत मूळ शब्द त् ने संपत नाही, म्हणून तिथे जोड त येत नाही. पहिला नी कायम दीर्घ. ‘नीती’ एकटा असला की मराठीत दुसरं अक्षरही दीर्घ, पण पुढे संस्कृत शब्द किंवा प्रत्यय जोडला की ऱ्हस्व : नीतिमान, नीतिशास्त्र, नीतिमत्त्व. आणि ते नीतिमत्त्व, ती नीतिमत्ता.

आता अर्थ. ‘ता’ आणि ‘त्व’ हे दोन्ही भाववाचक प्रत्यय, त्यामुळे व्याकरणाच्या दृष्टीनं दोन्ही शब्द सख्खे भाऊबहीण. फरक पाडला तो वापरानं. ‘राजकारणात नीतिमत्ता उरली नाही’ म्हणतो तेव्हा माणसाच्या वागणुकीबद्दल, चारित्र्याबद्दल बोलत असतो. ‘नीतिमत्त्व’ मात्र रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आणि मराठी बायबलात स्थिरावला. तिथे तो नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधल्या ‘दिकायोस्युने’ या शब्दासाठी येतो आणि त्याच्या मागे हिब्रू ‘त्सेदाका’ उभा आहे. या दोन्ही शब्दांत न्यायाचा, निवाड्याचा अंश पक्का आहे. ‘नीतिमत्ता’त तो नाही.

शब्द बदलून पाहिला की हे लगेच कळतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातले मंदिरात प्रार्थना करणारे दोघे घ्या : परूशी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि जकातदार, म्हणजे लोकांनी पापी मानलेला करवसुली करणारा. परूशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दहावा भाग देतो, व्यभिचार करत नाही, कोणाला लुबाडत नाही. त्याची नीतिमत्ता चोख आहे आणि धार्मिकताही. जकातदाराकडे दाखवायला यातलं काहीच नाही. तो दूर उभा राहून ऊर बडवतो आणि दया मागतो. गोष्टीचा निकाल असा की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. इथे ‘नीतिमत्ता असलेला ठरून’ असं घालून बघा, गोष्ट खोटी पडते. ‘धार्मिक ठरून’ घातलं तर विनोदी होते.

या वाक्यातलं ‘ठरून’ हे क्रियापदही महत्त्वाचं. मराठी बायबल ‘नीतिमान ठरवणे’ म्हणतं, ‘नीतिमान करणे’ नव्हे. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं एखाद्याला निर्दोष ठरवलं म्हणजे त्या दुपारी त्याचा स्वभाव पालटला असं नाही. त्याची स्थिती पालटली. बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतला ग्रीक धातू याच वळणाचा आहे. ठरवणे की करणे, यावर युरोपात सोळाव्या शतकात केवढं रण माजलं! प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरच्या पक्षाचा भर ठरवण्यावर. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ साली सांगितलं की नुसतं ठरवणं नाही, आतून नवं करणंही त्यात आहे. लूथरन आणि कॅथलिक मंडळींनी यावर संयुक्त निवेदन काढलं ते १९९९ साली. म्हणजे संदेश देणारे पाळक कोणत्या परंपरेचे आहेत, ते त्यांच्या क्रियापदावरूनही ओळखू येऊ शकतं.

अर्थात हा शब्द सगळीकडे निवाड्याचाच आहे असं समजू नये. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो आचरणाकडे झुकतो. ‘शास्त्री आणि परूशी यांच्यापेक्षा तुमचं नीतिमत्त्व अधिक असावं’ हे करून दाखवायच्या गोष्टीबद्दल आहे. सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, लोकांना दाखवण्यासाठी करू नका म्हटलंय तिथे, ग्रीकमध्ये दिकायोस्युने असूनही मराठी अनुवादकांनी ‘धर्माचरण’ वापरला. अचूक निवड! पुढच्याच ओळीत दानाचा विषय निघतो, आणि काही हस्तलिखितांत या ठिकाणी चक्क दानासाठीचा शब्द आहे. पुढच्या काळात यहुदी लोकांत त्सेदाका म्हणजे दान असाच अर्थ रूढ झाला. मराठीला यात नवल वाटायचं कारण नाही. दारावरचा भिक्षेकरी ‘धर्म करा, माय’ म्हणतो तेव्हा तो काही आपल्याला पूजा करायला सांगत नसतो.

‘धार्मिकता’ नागपुरात का शिरते ते उघड आहे. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी मुलखांची एकत्र राजधानी होतं, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेही नागपुरातच. एकाच आवारात सकाळी मराठी उपासना आणि नंतर हिंदी, हे इथे जगावेगळं नाही. हिंदी बायबलात नीतिमानाला ‘धर्मी’ आणि नीतिमत्त्वाला ‘धार्मिकता’ म्हणतात, आणि त्या वाचकांना तो शब्द त्या अर्थानं सवयीचा आहे. मराठीत मात्र धार्मिक म्हणजे देवपूजा, उपासतापास काटेकोर करणारा. ‘खरी धार्मिकता’ लिहिलं तर वाचणारा चर्चला वेळेवर येण्याबद्दलचा संदेश समजेल. मराठी फलकावर तो नको.

आता खोटे शिक्षक. मूळ शब्द पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी आहे : ‘स्यूदोदिदास्कालोस’. ‘स्यूदो’ म्हणजे खोटा, ‘दिदास्कालोस’ म्हणजे शिकवणारा. ‘स्यूदो’ जोडून असे शब्द पाडायची तेव्हा पद्धतच होती. पौल खोटे प्रेषित म्हणतो, खोटे भाऊ म्हणतो. मत्तयात खोटे संदेष्टे, म्हणजे देवाच्या नावानं खोटा निरोप सांगणारे, येतात. (जुन्या मराठी अनुवादातला ‘भविष्यवादी’ जाऊन ‘संदेष्टा’ आला हे छान झालं, नाहीतर पोपट घेऊन बसलेला ज्योतिषी आठवायचा.) मराठीत ‘खोटा’ला शेजारी पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचं खोटेपण निराळ्या जागी असतं. तोतया म्हणजे दुसऱ्याच माणसाची ओळख घेऊन आलेला. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला तसा. बोगस शिक्षक, जो वर्तमानपत्रात भेटतो, त्याची नेमणुकीची कागदपत्रं खोटी. पण त्यानं शिकवलेला बाराचा पाढा बरोबर असू शकतो. ढोंगी आत एक, बाहेर एक. बायबलात त्याच्यासाठी निराळा शब्द आहे, ज्याचा मूळ अर्थ नाटकातला नट. भोंदू धर्माचं सोंग घेऊन लोकांना नाडतो. तुकोबांनी ज्यांना झोडपलं ते राख फासलेले हेच.

खोट्या शिक्षकाचं खोटेपण मुख्यतः त्याच्या शिकवणीत असतं. त्याची कागदपत्रं खरी असतील, पाळकपदाची दीक्षा रीतसर झालेली असेल, तो दारूच्या थेंबाला शिवत नसेल. पेत्राचं पत्र अशांच्या लोभाबद्दल आणि कामुकपणाबद्दलही कडक बोलतं आणि ‘फळांवरून ओळखा’ हे मत्तयात आहेच, म्हणजे वागणूक हिशेबाबाहेर नाही. पण तो लक्षणांचा भाग झाला. ‘भोंदू’ लिहिलंत तर वाचणारा फक्त पैसे उकळणारा बुवा शोधत बसेल, आणि सज्जन, मृदुभाषी, तरीही भलतंच शिकवणारा त्याच्या नजरेतून सुटेल. पौलाचा इशारा नेमका त्याच्याबद्दल आहे. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात तो म्हणतो की सैतानाचे सेवक सोंग घेतात ते नीतिमत्त्वाच्या सेवकांचं. फलकावरचे दोन विषय या एका ओळीत भेटतात, आणि इथे ‘नीतिमत्त्व’ हाच शब्द राहिला तर दुवा दिसतो.

‘गुरू’ही टाळलेलाच बरा. आपल्याकडे गुरूशी नातं अनुग्रहाचं. दिदास्कालोस साधा शिकवणारा.

पेत्राच्या पत्रातल्या खोट्या शिक्षकांच्या त्या ओळीत अजून एक खड्डा आहे, तो विचारलेला नाही पण नागपूरकराचा पाय त्यात हमखास जातो. खोटे शिक्षक ‘पाखंडी मते’ आणतील असं पेत्राचं पत्र म्हणतं. हिंदीच्या सवयीनं पाखंड म्हणजे ढोंग, म्हणून वाचणारा ‘ढोंगी मते’ समजतो. मराठीत पाखंड म्हणजे मान्य शिकवणीविरुद्धचं मत. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, कोणताही, आणि त्या सगळ्यांचा मान राखा असं तो सांगतो. पुढे शब्द घसरला. गंमत म्हणजे इथला ग्रीक शब्द ‘हायरेसिस’ही असाच घसरलेला : आधी निवड, मग पंथ (बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यहुद्यांमधल्या सदूकी लोकांच्या पंथाला हाच शब्द लावला आहे) आणि शेवटी चुकीचं मत. दोन्ही शब्द एकाच उतारावरून गेले, म्हणून अनुवाद इतका चपखल बसला.

फलक पुन्हा रंगवायचा असेल तर ‘खरे नीतिमत्त्व आणि खोट्या शिक्षकांपासून धोका’ एवढं पुरे. ‘शिक्षक’ शब्द खटकतच असेल तर ‘खोटी शिकवण देणारे’ लिहा, लांब पडेल पण चुकणार नाही. ‘शिक्षकांचा धोका’ असं मात्र करू नका. नागपुरात सदरपासून सक्करदऱ्यापर्यंत ‘धोका दिला’ म्हणजे फसवलं, आणि ‘चा’ लावला की तो हिंदी धोखा डोकावतो. ‘पासून’मुळे संकट हाच अर्थ उरतो, तेवढं रंगाऱ्यानं पहिल्या खेपेलाच बरोबर लिहिलं होतं.