केबल गुंडाळताना राहून गेलेलं उत्तर

सोलापूर
रविवार, रात्री

पोरी, आशीर्वाद.

परवा गोदामात केबल गुंडाळताना तू म्हणालीस, "काका, ऐकण्यासारखं सगळं ऐकून झालं. गाण्यांचं ॲप आता तेच तेच लावतंय." टेम्पो दारात उभा होता, लग्नाची साउंडची ऑर्डर गाठायची होती, म्हणून मी नुसता हुं म्हणालो. पण विशीतल्या पोरीनं सगळं ऐकून झालं म्हणावं, हे मनाला लागून राहिलं. आज ऑर्डर नाही. चहा घेऊन लिहायला बसलोय.

आधी एका माणसाची गोष्ट ऐक. चरणजित सिंग हा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा वादक. १९८२ साली त्यानं रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडली : टीबी ३०३, ठेका देणारं टीआर ८०८ आणि ज्युपिटर ८ हा सिंथेसायझर. टीबी ३०३ म्हणजे बेसगिटारवाला नसेल तर त्याची जागा भरून काढायला बनवलेला लहानसा डबा. या तीन यंत्रांवर या माणसानं ललत, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावानं रेकॉर्ड निघाली आणि विस्मरणात गेली. पुढं १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या पोरांनी त्याच टीबी ३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' केलं, त्यातून ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा आख्खा प्रकार सुरू झाला. मुंबईची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा छापून आली तेव्हा लोकांनी कान टवकारून ऐकलं. हाच आवाज, पाच वर्षं आधी! चरणजित सिंग तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्या वयात ते परदेशात हेच वाजवायला स्टेजवर उभे राहिले. २०१५ मध्ये गेले.

त्याच १९८२ साली कॅनडातल्या कॅलगरीत रूपा बिस्वास या बंगाली गायिकेनं 'डिस्को जॅझ' केला. त्यावर सरोद आहे आशिष खान यांची. रेकॉर्ड चालली नाही, रूपाबाई संसाराला लागल्या. २०१९ मध्ये न्यूमेरो ग्रुप या कंपनीनं ती परत काढली आणि 'आज शनिबार' हे गाणं जगभर वाजलं. १९८२ च्या त्या काळात मी नव्या पेठेतल्या कॅसेटच्या दुकानात संध्याकाळ-संध्याकाळ उभा असायचो. यातलं एकही नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. म्हणून सांगतो, तुझ्यापर्यंत जे आपसूक येतं त्याच्या पलीकडे ढीग पडलेला आहे. तो उपसायला जावं लागतं.

उपसायचा कसा? मी शिकलो कॅसेटच्या आतल्या कागदावरून. दुकानदार ओळखीचा होता, डबी उघडून कागद बाहेर काढू द्यायचा. घडी घातलेला पातळ कागद, त्यावर मुंगीएवढी अक्षरं, ट्यूबलाइटखाली तिरका धरल्याशिवाय दिसायची नाहीत. गायकाचं नाव सगळेच वाचतात. मी बेस कुणी वाजवला, रेकॉर्डिंग कुणी केलं, आभार कुणाचे मानले, ते वाचायचो आणि वहीत उतरवून घ्यायचो. आभारातली नावं तर सोनं असायची. एक बँड ज्या चार बँडांचे आभार मानतो, ते चारही शोधायचे. आज तो कागद गेला, पण नावं कुठं ना कुठं लिहिलेली असतात. तू तर साउंड शिकतेस, तू नाही वाचायची तर कोण वाचणार?

दुसरी वाट, ओळखीच्या चालीवरून मागं जायचं. 'भीगी भीगी सी हैं रातें' तुला पाठ आहे, २००६ च्या 'गँगस्टर'मधलं. ती चाल मूळ बंगाली गाण्याची, 'पृथिबी'. ते १९९५ च्या एका संग्रहातलं आणि तो संग्रह गौतम चट्टोपाध्याय यांनी जमवलेला. त्यांचा बँड मोहीनेर घोडागुली, कलकत्त्याचा, १९७५ सालचा. १९७७ ते १९७९ या तीन वर्षांत त्यांनी तीन छोट्या रेकॉर्डी काढल्या, तेव्हा कुणी विचारलं नाही, बँड मोडला. वीस वर्षांनी कॉलेजची पोरं तीच गाणी गिटारवर म्हणायला लागली. बघ, एका सिनेमाच्या गाण्यापासून निघालीस तर तीन पावलांत कुठं पोचलीस.

तिसरी वाट बँडकॅम्प, वादकांचे अल्बम थेट विकत घ्यायची वेबसाइट. २००८ पासून आहे. तिथं अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी छोटी चित्रं दिसतात. एकावर बोट ठेवलंस की त्या माणसानं आणखी काय काय घेतलंय ते सगळं उघडतं. तुला आवडलेला, कुणाला माहीत नसलेला अल्बम ज्यानं पैसे मोजून घेतला, त्याची बाकीची आवड तुझ्या उपयोगाची असणारच. यंत्राच्या शिफारशीपेक्षा माझा या अनोळखी माणसांवर जास्त भरवसा आहे. आणि परवडेल तेव्हा विकत घे. डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के बँडकॅम्प ठेवतं, बाकी बरंचसं वादकाकडे जातं. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. उलट स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केलाय की बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसेच नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे आधीच कुणी बघत नाही त्यालाच काही मिळायचं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

ऐकण्याबद्दल एवढंच, आख्खा अल्बम ऐक, लावलेल्या क्रमानं. पहिल्यांदा काम करता करता, दुसऱ्यांदा काहीही न करता, तिसऱ्यांदा आठवड्यानं. तिसऱ्या वेळेआधी नावडला म्हणू नकोस. मला जे अल्बम जन्मभर पुरले, त्यातले निम्मे पहिल्या वेळी फिके वाटले होते.

आणि तुझ्या जवळ जे आहे ते पुण्या-मुंबईच्या पोरांकडे नाही. आपल्या गावात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी चारही ऐकू येतात. रघू दीक्षितचा २००८ चा पहिला अल्बम आहे. कर्नाटकात पोरासोरांना माहीत, आपल्याकडे कन्नड घराघरात असून कुणी लावत नाही. त्यात संत शिशुनाळ शरीफांची पदं आहेत, एकोणिसाव्या शतकातली. मी ती एकदा अंगणात लावली होती. शेजारच्या अक्का भाकरी थापत होत्या. 'सोरुतिहुदु मनेय माळिगे' ही ओळ आली आणि त्यांचा हात थांबला. पीठ लागलेलं बोट वर करून म्हणाल्या, "माळिगी म्हंजी माळवद की! माळवद गळतंय म्हणतोय तो." मग पुढच्या ओळी त्याच म्हणाल्या, रघू दीक्षितच्याही आधी. लहानपणी आईकडून ऐकलेल्या. गिटार आणि ड्रमच्या मागून त्यांना त्यांची आई ऐकू आली. गळणारं माळवद म्हणजे हे शरीर, हे त्यांनीच मला समजावलं. तू त्यांच्यासमोर एकदा तो अल्बम लाव आणि अर्थ विचारून लिहून घे. तसंच पंढरपूर आपल्या जिल्ह्यातलं. अभंग रिपोस्ट हा बँड आपले अभंग गिटार-ड्रमवर गातो. अभंग तुझे पाठ आहेत, वाजवणं कसं बदललंय तेवढंच ऐक.

आता जास्त महत्त्वाचं, जुने बँड समोर जाऊन ऐकण्याबद्दल.

इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड, १९९० चा. १९९७ ची 'डेझर्ट रेन' ही त्यांच्या जाहीर कार्यक्रमाचंच रेकॉर्डिंग, २००० ची 'कंदिसा'. या दोन कॅसेट मी झिजवल्या. त्यात असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. ज्यानं माइक लावलेत त्याला कळतं की हे किती अवघड. हात एका लयीत, गळा दुसरीकडे, आणि श्वासाचा आवाज कुठंही नाही. एकदा पुण्यात त्यांचा कार्यक्रम होता. मित्रानं माझा पास काढून ठेवला होता. त्याच रात्री मला लग्नाची ऑर्डर आली, चांगल्या पैशाची. मी म्हणालो, पुढच्या वेळी जाऊ, बँड कुठं पळून चाललाय. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेले. त्या ऑर्डरीचे पैसे कशात गेले ते मला आठवतही नाही.

पुढं मी त्यांना ऐकलं. गळा हिमांशू जोशींचा, तबला तुहीन चक्रवर्तींचा. गिटारवरचे सुस्मित सेनही २०१३ मध्ये बाहेर पडले, तिथं निखिल राव आले. पहिली दहा मिनिटं मी मनात कॅसेट वाजवत बसलो होतो. इथं असीम असं घ्यायचे, तिथं सुस्मित तसं वाजवायचे. मग 'मां रेवा' लागलं. राहुल राम नर्मदा आंदोलनात होते, तिथल्या खोऱ्यातलं हे गाणं. बेस सुरू झाला, अमित किलम यांनी ठेका धरला आणि शेजारचा एक म्हातारा गृहस्थ उभा राहून टाळ्या धरायला लागला. कॅसेटमधलं गाणं जिथं संपतं तिथं ते थांबलेच नाहीत. नवा तबला जुन्या बेसला काहीतरी विचारत होता आणि बेस उत्तर देत होता. तेव्हा मनातली कॅसेट बंद पडली आणि मी समोरचं ऐकायला लागलो. जुने बँड ऐकायला जाशील तेव्हा ती कॅसेट जितक्या लवकर बंद करशील तितकं बरं.

आवाज उतरलेला असेल. काळी पाचवर गाणारा माणूस साठीत काळी तीनवर, म्हणजे खालच्या पट्टीवर येतो, त्यात काही वाईट नाही. आपल्याकडे भजनी मंडळातले बुवा हेच करतात आणि त्यांचा शब्द आणखी जड होतो. त्यांनी पट्टी कुठं आणलीय, कुठली तान प्रेक्षकांवर सोडलीय, कुठल्या जागी गायक थांबतो आणि गिटारवाला सांभाळून घेतो, हे बघ. तीस वर्षं एकत्र वाजवलेली माणसं एकमेकांकडे बघतही नाहीत, नुसता खांदा हलतो आणि सगळे एका समेवर येतात.

नव्या गाण्यांच्या वेळी चहाला उठू नकोस. मुंबईचा रॉक मशीन १९८४ चा, १९९३ मध्ये त्याचं नाव इंडस क्रीड झालं, १९९७ मध्ये फुटला, २०१० मध्ये परत जमला. २०१२ ला त्यांनी 'इव्हॉल्व्ह' काढला. लोक अजून जुन्या 'प्रिटी चाइल्ड' गाण्यासाठीच ओरडतात. पंधरा वर्षं गप्प राहिलेल्या माणसांना काय सांगायचं होतं, ते 'इव्हॉल्व्ह'मध्ये आहे. दुर्लक्षित अल्बम शोधायला नेहमी अनोळखी नावांकडेच जावं लागतं असं नाही. नावाजलेल्यांचा उत्तरार्ध कुणी ऐकत नाही.

उभं कुठं राहायचं ते तुला सांगायला नको, तरी सांगतो. मिक्सरच्या टेबलाजवळ. ऑपरेटर जे ऐकून आवाज लावतो तेच तुला ऐकू येईल. स्टेजला चिकटलीस तर ड्रम आणि मॉनिटरचाच आवाज मिळेल, गळा डोक्यावरून जाईल. आणि कानात बोळे घाल, फोमचे, मेडिकलमध्ये मिळतात. ८५ डेसिबल आठ तास सोसतो, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभरला पंधरा मिनिटं. मी तीस वर्षं डॉल्बीसमोर उघड्या कानानं उभा राहिलो. आता रात्री दिवा मालवला की डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते, ती थांबत नाही. झांजेची वरची किणकिण मला तुझ्या कानानं ऐकावी लागते, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

मोबाइल एक मिनिट काढ, मग खिशात. सुरुवातीचा छोटा बँड चुकवू नकोस, आणि बाहेर टेबलावर कुणी सीडी, टी-शर्ट मांडून बसलं असेल तर एक तरी घे.

कार्यक्रमाला पुण्याला जायचं तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जा. परतीची हुतात्मा संध्याकाळीच सुटते, ती तुझ्या कामाची नाही. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर रात्री दोनच्या पुढंमागं पुण्याला येते आणि सकाळी सोलापुरात सोडते. तिकीट आधी काढ, एकटी जाऊ नकोस, वर्गातली एखादी घेऊन जा. घरी मी बोलतो तुझ्या आईशी. त्या दिवशीची ऑर्डर मी दुसऱ्या पोराला घेऊन करीन, तू त्याची काळजी करू नकोस.

आणि गड्ड्याच्या यात्रेत, लग्नाच्या वरातीत जे म्हातारे क्लॅरिनेटवाले आणि हलगीवाले दिसतात, त्यांच्याजवळही दोन मिनिटं थांबत जा. चाळीस-चाळीस वर्षं एका पार्टीत वाजवलेली माणसं आहेत ती. त्यांचा अल्बम निघालेला नाही. तुझ्याकडे रेकॉर्डर आहे, माइक माझे आहेत. त्यांना विचारून, त्यांचे पैसे देऊन एक दुपार रेकॉर्ड करता येईल का, याचा विचार करून ये.

शनिवारी संध्याकाळी गोदामात ये. कॅसेट डेकचा बेल्ट तुटला होता, तो बदललाय, हेडही स्पिरिटनं पुसून ठेवलंय. 'डेझर्ट रेन'ची कॅसेट पहिल्या बाजूला दोन ठिकाणी दबलीय, पण चालते. एक वही आण.

तुझा,
काका