यंत्रावर कोण आणि जर्नलवर कोण?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी पूर्ण करून पुण्यात इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. पहिल्याच सत्रात एम-३ (गणिताचा तिसरा पेपर) राहिला. प्रात्यक्षिकाच्या गटात चार मुलगे आणि मी. ते यंत्रावर असतात आणि ‘तुझे अक्षर छान आहे’ म्हणून जर्नल माझ्याकडे येते. हे क्षेत्र आपले नव्हेच, असे वाटू लागले आहे. घरी काहीच सांगितलेले नाही. शिक्षण सोडावे का?
— एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एम-३ राहण्याचा अर्थ तुम्ही स्वतःच्या कुवतीशी जोडला आहे, तो मला मान्य नाही. हा विषय पहिल्या वर्षाच्या एम-१ आणि एम-२ मध्ये घोटून घेतलेल्या कलनावर (कॅल्क्युलसवर) उभा असतो, आणि डिप्लोमाहून येणारा विद्यार्थी नेमके तेच वर्ष ओलांडून आलेला असतो. एम-३ मधले लाप्लास रूपांतराचे उदाहरण अडते तेव्हा पुष्कळदा लाप्लास समजलेला असतो. हात अडतो तो पार्शियल फ्रॅक्शनच्या, म्हणजे मोठ्या अपूर्णांकाचे साधे तुकडे करण्याच्या, दोन ओळींत. जुनी प्रश्नपत्रिका घेऊन आपण कोणत्या ओळीवर थांबलो तिथे पेन्सिलीने खूण करा, म्हणजे मागचे किती भरून काढायचे आहे ते कळेल, आणि ते तुम्हाला वाटते त्याहून बरेच कमी निघेल.

हे काम मात्र कॉट बेसिसच्या खोलीत एकटीने करू नका. १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्राइसमन यांनी कलनात मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की ती मुले कष्टाळूच होती, पण एकेकटी अभ्यास करीत. उलट चिनी वंशाची मुले रात्री एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. मग कठीण उदाहरणे गटाने सोडवण्याचे वर्ग सुरू झाले आणि निकाल सुधारले. तुमच्या वर्गात थेट दुसऱ्या वर्षाला आलेले आणखी काही जण असतीलच, आणि त्यांचाही एम-३ सुखाने चालला असेल असे मला वाटत नाही.

जर्नलची गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. अक्षराचे कौतुक हे मुलींना यंत्रापासून दूर ठेवण्याचे फार सभ्य निमित्त आहे, आणि मुलगे ते बहुधा नकळतच करतात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले की आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून जमलेल्या कामातून. दुसऱ्याने पाठ थोपटणे त्यापुढे दुबळे ठरते. लेथवर (धातू फिरवत कापण्याच्या यंत्रावर) टूलचे टोक सेंटरच्या उंचीला आणून तुम्ही स्वतः फेसिंग केलेत, म्हणजे जॉबचे (कापायच्या तुकड्याचे) तोंड सपाट केलेत, आणि जॉबच्या मधोमध तो बारीक उंचवटा राहिला नाही, तर त्या क्षणी जे वाटेल ते माझ्या उत्तरातून वाटणार नाही. तेव्हा पुढच्या प्रात्यक्षिकाआधी, यंत्र सुरू होण्यापूर्वीच, ‘या वेळी लेथ माझ्याकडे, जर्नल तुमच्यापैकी कुणी लिहा’ असे सांगा. कुणी हसण्यावारी नेले, तर पाळ्या लावून देण्याची विनंती शिक्षकांना करा. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे.

घरी सांगा, आणि याच आठवड्यात सांगा. फोनवर आधी एम-३ राहिल्याचे सांगून टाका. तो पुन्हा कधी देणार आहात, हे त्याच दमात सांगितलेत की वडिलांचा पुढचा प्रश्न बहुधा जेवणाचा असेल.