ट्रिगरच्या वजनापेक्षा हात कोणाचा, हे महत्त्वाचे

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे. स्पर्धेसाठी ट्रिगर जड वाटला (ओढायला जोर जास्त लागतो) म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे दिले. त्याने मेनस्प्रिंग (काडतुसावर ठोका मारणाऱ्या हॅमरला जोर देणारी स्प्रिंग) घासून पातळ केली, हॅमर अडकून राहतो ती खाच पॉलिश केली. तीन आठवडे ते त्याच्याकडेच आहे. पुढच्या महिन्यात परवान्याचे नूतनीकरण आहे. ट्रिगर हलका करणे गुन्हा आहे का?

उत्तर : ट्रिगर किती हलका असावा यावर तुमचे प्रकरण ठरणार नाही. ठरेल ते शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ वर. त्यात बंदुकीची दुरुस्ती आणि रूपांतर, दोन्हींना स्वतंत्र परवाना लागतो. तुमचे काम यांपैकी कशात बसते यावर वकील वाद घालतील. लेथवाल्याकडे परवाना नसेल तर उत्तर काहीही आले तरी तो अडकतो. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर कलम २५(१) खाली किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप.

“मी त्याला चिठ्ठी लिहून दिली होती” हा बचाव नेहमी ऐकू येतो. कलम ३ च्या परंतुकाप्रमाणे तुमच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकतो, एवढेच. त्या चिठ्ठीने लेथवाला शस्त्रदुरुस्तीचा परवानाधारक होत नाही. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे का, हे न तपासता ते ताब्यात देणे कलम २९ खाली तुमचा स्वतःचा गुन्हा आहे. परवान्याच्या अटी एकदा वाचल्या असत्या तर ही वेळ आली नसती.

प्रत्येक दिवसाचा उशीर तुमच्या विरुद्ध जातो. आजच स्वतः जाऊन रिव्हॉल्व्हर ताब्यात घ्या, कोणाला पाठवू नका. परवानाधारक गनस्मिथकडे (शस्त्रदुरुस्ती कारागिराकडे) न्या आणि मूळ मापाची स्प्रिंग बसवून घ्या. पातळ स्प्रिंगने हॅमरचा ठोका कमी पडतो, काडतूस फुटत नाही. खाच जास्त घासली गेली असेल तर ते जास्त वाईट: रिकाम्या सिलिंडरवर (गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्यावर) हॅमर चढवून अंगठ्याने पुढे ढकलला की तो सुटतो. अपघाती गोळी सुटली तर न्यायसहायक प्रयोगशाळा ट्रिगर ओढायला लागणारा जोर मोजते आणि घासलेली खाच अहवालात येते. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, आत-बाहेरच्या तारखा आणि केलेले काम लिहून घ्या. जुनी तारीख टाकायला सांगू नका. तेवढ्याने नवा गुन्हा उभा राहतो.

नूतनीकरणाच्या अर्जात विचारलेले लपवू नका. माहिती दडवली तर कलम १७ खाली परवाना रद्द होऊ शकतो. कलम १८ चे अपील आहे, पण ते चालेपर्यंत शस्त्र तुमच्याकडे राहील याची खात्री नाही, आणि मुद्देमालात गेलेले रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षे गंजत पडते. अर्ज भरण्याआधी कागद घेऊन फौजदारी वकिलाला भेटा. लेथवाल्याबाबत काय सांगायचे, हे वकिलाशीच ठरवा.

आणि ज्या स्पर्धेसाठी हे केले, तिथे २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगर ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागावा असा नियम आहे. नळी उभी धरून वजन उचलून तो तपासतात. त्याच्या खाली गेलात तर रिव्हॉल्व्हर तपासणीतच बाद होईल.