वाचकांचे प्रश्न : अधिकार दिले, तरी फोल्डर दिसत नाही

प्रश्न : आमचा मेल सर्व्हर डव्हकॉट २.३ वर चालतो आणि सहकारी राउंडक्यूब या वेबमेलमधून (ब्राउझरमधून) मेल वाचतात. एकाचे फोल्डर दुसऱ्याला वाचता यावे म्हणून मी त्या फोल्डरची एसीएल फाइल (कोणाला कोणते अधिकार आहेत, ही यादी) स्वतः लिहिली. पण राउंडक्यूबमध्ये ते दिसत नाही. तसेच एकाने वाचलेला मेल सर्वांना ‘वाचलेला’ दिसू नये, यासाठी काय करावे?

उत्तर : आपण अधिकार दिलेत, पण ते दिल्याची वार्ता सर्व्हरच्या यादीपर्यंत पोहोचलेली नाही. कोणी कोणाला फोल्डर दिले आहे, ही नोंद डव्हकॉट एसीएल फाइलीत शोधत नाही. ती ‘एसीएल शेअर्ड डिक्ट’ या सेटिंगमध्ये नेमलेल्या वेगळ्या फाइलीत किंवा डेटाबेसमध्ये असते, आणि एसीएल हाताने लिहिली की ही नोंद आपोआप होत नाही. म्हणून ते सेटिंग भरून अधिकार डव्हएडम या डव्हकॉटच्या व्यवस्थापन साधनातील एसीएल आज्ञेने किंवा राउंडक्यूबच्या एसीएल प्लगइनमधून पुन्हा द्यावेत. दिलेल्या अधिकारांत ‘रीड’सोबत ‘लुकअप’ असलाच पाहिजे, कारण त्याच्याविना फोल्डर यादीत येत नाही.

सर्व्हरच्या सेटिंगमधील नेमस्पेसची, म्हणजे सामायिक फोल्डर ज्या गटात दिसतात त्या गटाची, व्याख्या मात्र बारकाईने वाचावी. तिचा प्रकार ‘शेअर्ड’ असावा, फोल्डरांची नावे वेगळी करणारे विभाजक चिन्ह खासगी नेमस्पेसचेच असावे, आणि मेलच्या मार्गात मालकाचे नाव किंवा होम डिरेक्टरी दर्शवताना टक्क्याचे चिन्ह (%) दोनदा द्यावे. एकेरी चिन्ह म्हणजे लॉग-इन केलेली व्यक्ती, दुहेरी चिन्ह म्हणजे फोल्डरचा मालक. माझ्या मते सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. (२.४ मध्ये ही लेखनपद्धती बदलली आहे, त्यामुळे जुनी उदाहरणे तेथे जशीच्या तशी उतरवू नयेत.) मेलच्या फाइली वेगवेगळ्या सिस्टिम वापरकर्त्यांच्या मालकीच्या असतील, तर त्यांच्या परवानग्याही जुळवाव्या लागतील, एसीएल त्यांच्यावर मात करू शकत नाही.

राउंडक्यूबला हात लावण्यापूर्वी ज्याला फोल्डर दिले आहे त्याच्या नावाने थेट इमॅपवर (मेल वाचण्याच्या प्रोटोकॉलवर) लॉग-इन करून ‘नेमस्पेस’ आणि ‘लिस्ट’ या आज्ञा द्याव्यात. डव्हकॉटचा ‘शेअर्ड’ प्रकार तेथे उत्तराच्या दुसऱ्या, म्हणजे ‘इतर वापरकर्ते’ या भागात येतो, हे पाहून गोंधळू नये. फोल्डर ‘लिस्ट’मध्ये नसेल, तर वेबमेलच्या सेटिंगमध्ये वेळ घालवणे व्यर्थ आहे. ते तेथे असेल, तर राउंडक्यूबमधून बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करावे, कारण नेमस्पेसची माहिती सेशनमध्ये साठवलेली असते, आणि सेटिंगमधील फोल्डरांच्या यादीत त्यावर खूण करून सबस्क्राइब करावे.

वाचल्याची खूण प्रत्येकाची स्वतंत्र ठेवण्यासाठी त्याच नेमस्पेसच्या मार्गाला ‘इंडेक्सपीव्हीटी’ (INDEXPVT) हा पर्याय जोडून वाचणाऱ्याच्या स्वतःच्या डिरेक्टरीतील जागा द्यावी. मेल पुसल्याची खूण मात्र सर्वांची सामायिकच राहते, म्हणून ज्याला फक्त वाचायचे आहे त्याला ‘राइट-डिलीटेड’ (पुसल्याची खूण करणे) आणि ‘एक्सपंज’ (खूण केलेले मेल कायमचे काढणे) हे अधिकार देऊ नयेत.