इस्पितळातल्या डॉक्टरांना ऊतीदान (मृत्यूनंतर डोळे, त्वचा देणं) करू शकणारे रुग्ण ओळखता यावेत, म्हणून काय करता येईल?

ओळखायचं काय त्यात? माणूस गेला की नेत्रपेढीला फोन लावायचा. चालेल की नाही ते पेढीवाले बघतील. वॉर्डातल्या डॉक्टरने आपली चाळण लावूच नये.

एवढं तडकून लिहितोय, कारण माझे बाबा. गोव्यातल्या एका इस्पितळात, भर पावसाळ्यात, पहाटे पावणेचारला गेले. वय 82, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. पाकिटात मतदान कार्डामागे नेत्रदानाचं कार्ड होतं, घामाने कडा मऊ पडलेलं. ते मी ड्युटीवरच्या डॉक्टरपुढे धरलं. त्याने केसपेपरवर वय पाहिलं. "काका, या वयात कुठे आता? शिवाय लेन्स घातलीय." आणि सहीचा कागद पुढे सरकवला. मी गप्प बसलो. फोंड्याहून काका यायचे होते, शववाहिकेवाला भाडं वाढवत होता. पावणेदहाला सहा तास भरले, तेव्हा आम्ही स्मशानात ओल्या लाकडांवरून वाद घालत होतो.

बाराव्याला जेवायला आलेला एक नेत्रतंत्रज्ञ सहज बोलून गेला, की मोतीबिंदूत बदलतात ते आतलं भिंग. दान होतो तो पुढचा काचेसारखा पडदा, कॉर्निया. म्हातारपण, चष्मा, मधुमेह, काही आड येत नाही. पानातला भात माझ्याच्याने संपला नाही.

डॉक्टरांच्या डोक्यात दाता म्हणजे अपघातात मेंदू मृत झालेला, व्हेंटिलेटरवरचा तरुण. ते अवयवांचं झालं. डोळे आणि त्वचा हृदय थांबल्यावरही साधारण सहा तासांत घेता येतात. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 साली दुरुस्ती होऊन ऊतीही आल्या, कॉर्निया काढायला प्रशिक्षित तंत्रज्ञही चालेल असं झालं. तरी वॉर्डात पाटी कोरीच.

आमचे भावोजी डॉक्टर. त्यांचं म्हणणं, रडणाऱ्या माणसाकडे डोळे मागणं क्रूरपणा. भावोजी, त्याच रडण्यात माझ्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स मागितली होती, ती चालली?

मृत्यूच्या कागदावर एक रकाना घाला: नेत्रपेढीला किती वाजता कळवलं? तो भरल्याशिवाय मृतदेह वॉर्डातून हलवू नये. आणि हे काम सिस्टरांकडे द्या. पापण्या मिटणं, वर ओला कापूस ठेवणं, पंखा बंद करणं त्यांना सांगावं लागत नाही.

आता, एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर पेढी नकार देते, आणि पोलीस केस असली तर त्यांचीही परवानगी लागते. तो ड्युटीवरचा डॉक्टर पोरगाही त्या रात्री दोन वॉर्ड एकटा सांभाळत होता. आणि कार्ड असलं तरी संमतीची सही घरच्यांचीच लागते, म्हणजे हट्ट मीच धरायला हवा होता. भावोजी हेच ऐकवतात दर चतुर्थीला. स्वतःचा फॉर्म मात्र त्यांनी अजून भरलेला नाही.